रिकाम्या जंगलाचा हिशोब

खाणीसाठी, रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी वनजमीन मागितली जाते, तेव्हा प्रस्तावाला जोडलेल्या वन्यजीव अहवालात एक मुद्दा हमखास येतो : या क्षेत्रात अमुक प्राण्याचा कायम वावर नाही. ट्रॅप कॅमेऱ्यात आला नाही, पाऊलखुणा मिळाल्या नाहीत, विष्ठा दिसली नाही. म्हणजे जागा रिकामी, आणि रिकामी जागा देऊन टाकली तर त्या प्राण्याचं काही बिघडत नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो. हा अर्थ गणिताच्या कसोटीवर टिकत नाही. तो का टिकत नाही, याची मांडणी १९६९ पासून उपलब्ध आहे. माझं म्हणणं एवढंच की, जागेत कोण राहतं याच्या जोडीने, तिथे कोण कुठून आणि किती प्रमाणात येऊ शकतं, हा आकडा प्रत्येक अहवालात सक्तीचा हवा. तो नसेल तर अहवाल अपुरा समजून परत पाठवावा.

किडींच्या जैविक नियंत्रणाचा विचार करताना रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६९ मध्ये एक अगदी साधं समीकरण मांडलं. ते आकड्यांतच पाहू. समजा एका पट्ट्यात जंगलाचे १०० तुकडे आहेत. काहींत एखादी जात राहते, काही रिकामे आहेत. भरलेल्या तुकड्यांपैकी दरवर्षी २ टक्के उजाड होतात. वणवा, रोग, शिकार, कधी नुसतं एवढंच की शेवटची मादी मेली. दुसरीकडे, भरलेल्या तुकड्यांतून निघालेली जनावरं रिकाम्या तुकड्यांत जाऊन वस्ती करतात. वर्षाला नव्याने भरणाऱ्या तुकड्यांचं प्रमाण म्हणजे वसाहतीचा दर गुणिले भरलेल्यांचं प्रमाण गुणिले रिकाम्यांचं प्रमाण. हा दर ०.०४ धरा. निम्मे तुकडे भरलेले असताना ०.०४ × ०.५ × ०.५ म्हणजे ०.०१ येतात, वर्षाला एक तुकडा नव्याने भरतो. उजाड होतात ०.०२ × ०.५, तोही एकच. हिशोब जुळला, की ५० भरलेले आणि ५० रिकामे ही स्थिती टिकून राहते. मात्र कुठले ५० भरलेले, हे सतत बदलत असतं. आज रिकामा दिसणारा तुकडा वीस वर्षांपूर्वी भरलेला असू शकतो आणि वीस वर्षांनी पुन्हा भरू शकतो.

आता त्यातले फक्त रिकामे ५० तुकडे देऊन टाका. एकही जनावर मेलं नाही, एकही घरटं मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहणी केली तर उरलेल्या ५० पैकी ५० तुकडे भरलेले, म्हणजे शंभर टक्के वस्ती. कागदावर इतकं चांगलं चित्र त्या पट्ट्यात आधी कधीच नव्हतं. पण हे चित्र टिकत नाही. उरलेल्या तुकड्यांतून निघालेलं जनावर आता निम्म्या वेळा खाणीत, रस्त्यावर किंवा उघड्या शेतात जाऊन पोचतं. उजाड होण्याचा दर तसाच राहतो, भरपाई मात्र पुरी पडत नाही. याच समीकरणाने पुढचे आकडे काढले तर ५ वर्षांनी ४५ तुकडे भरलेले असतात, १० वर्षांनी ४२, २५ वर्षांनी ३३, ५० वर्षांनी २५ आणि १०० वर्षांनी १७. मध्ये कुठेही ही घसरण थांबत नाही, ती शून्याकडे जाते. नियम असा निघतो की उरलेल्या जंगलाचं प्रमाण, उजाड होण्याचा दर भागिले वसाहतीचा दर, या आकड्यापेक्षा जास्त असेल तरच जात टिकते. आपल्या उदाहरणात हा आकडा निम्मा आहे. त्यामुळे निम्मं जंगल राखूनही जात वाचत नाही.

पाच वर्षांत ५० चे ४५ होणं कुठल्या अहवालात टोचेल? पर्यावरण मंजुरीनंतर सहामाही अनुपालन अहवाल द्यावे लागतात. पण सहा महिन्यांच्या खिडकीतून ही घसरण दिसूच शकत नाही. पाऊस कमी झाला, मोहाच्या हंगामात माणसांची वर्दळ वाढली, मोजणी नीट झाली नाही, अशा कुठल्याही कारणात ती सहज मिसळून जाते. डेव्हिड टिल्मन, रॉबर्ट मे, क्लॅरेन्स लेहमन आणि मार्टिन नोवाक यांनी १९९४ मध्ये या उशिरा येणाऱ्या नुकसानीला जे नाव दिलं, ते मराठीत ‘विलोपनाचं कर्ज’ असं म्हणता येईल. जमीन आज जाते आणि जात पन्नास-शंभर वर्षांनी जाते. तोवर मंजुरी देणारे निवृत्त झालेले असतात, प्रकल्पाची मुदत संपलेली असते आणि जबाबदारी कुणाच्याच नावावर राहिलेली नसते.

त्या चौघांच्या मांडणीतला दुसरा भाग आपल्याकडे आणखी कमी बोलला जातो. एकाच जागेसाठी भांडणाऱ्या दोन जाती घ्या. एक बलवान : ती ज्या तुकड्यात जाईल तिथून दुसरीला हुसकते, पण पसरते सावकाश. दुसरी दुबळी, पण पसरण्यात चपळ. बलवान जातीचा वसाहतीचा दर आधीसारखाच ०.०४ आणि दुबळीचा चौपट, ०.१६ धरा. उजाड होण्याचा दर दोघींचा ०.०२. सगळे १०० तुकडे शाबूत असताना बलवान जात ५० तुकड्यांत आणि दुबळी २५ मध्ये स्थिरावते. ८० तुकडे उरले की दोघी ३०-३० वर येतात. ६० उरले की बलवान १० वर आणि दुबळी ३५ वर. ५० उरले की बलवान जात शून्यावर येते आणि दुबळी ३७-३८ तुकड्यांत असते. म्हणजे जंगल अर्धं झालं आणि एका जातीची संख्या दीडपट झाली. या भागात फिरणाऱ्या माणसाला जनावरं पूर्वीपेक्षा जास्त दिसतील आणि तो ते खरंच सांगत असेल. पण त्या वाढीचा अर्थ जंगल सुधारलं असा नसून, वरचढ स्पर्धक नाहीसा झाला असा आहे. जी जात आपल्या जागेत सगळ्यांत घट्ट रुजलेली दिसते, तीच तुकडे कमी होताना सर्वांत आधी जाते, कारण तिची ताकद भांडणात असते, प्रवासात नसते.

वाघ आणि बिबट्याला हे समीकरण जसंच्या तसं लावणं चूक ठरेल, कारण दोघं एकाच जंगलात राहू शकतात आणि राहतात. पण स्पर्धा किती खरी असते, हे उत्तराखंडातल्या राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या चिल्ला भागात मोजलं गेलं आहे. तिथली माणसं आणि गुरं हलवल्यानंतर वाघ वाढले. २००४-०५ ते २००७-०८ या काळात वाघांची घनता दर १०० चौरस किलोमीटरला ३.३१ वरून ५.८१ वर गेली, आणि बिबट्यांची ९.७६ वरून २.०७ वर उतरली. बिबट्याच्या आहारात पाळीव जनावरांचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३२ टक्क्यांच्या आसपास गेलं. बिबटे जंगलाच्या कडेला, गावांकडे सरकले होते. व्याघ्र प्रकल्पाचं यश आणि शेजारच्या गावातली शेळी उचलली जाणं, ही एकाच हिशोबाची दोन टोकं आहेत. महाराष्ट्रात वाघांचा अंदाज २०१८ मध्ये ३१२ होता, २०२२ मध्ये तो ४४४ झाला. या वाढीचा मला मनापासून आनंद आहे. पण तिच्यासोबत बिबटे, रानकुत्री आणि कडेची गावं यांचं काय होतं, हा रकाना त्याच अहवालात असायला हवा. भरपाईसाठी किती तरतूद लागेल आणि ती कोणत्या गावांसाठी, हे त्यातूनच आधी कळतं.

वसाहतीच्या दराबद्दल एक गैरसमज फार आढळतो. एखादा वाघ रस्ता ओलांडताना दिसला की ‘भ्रमणमार्ग चालू आहे’ असं म्हटलं जातं. पण वसाहतीचा दर हा गुणाकार आहे : किती निघाले, त्यातले वाटेत किती वाचले, पोचलेल्यांपैकी किती जणांना जोडीदार मिळाला, आणि किती जोड्यांची पिल्लं मोठी झाली. यातली एक संख्या शून्य झाली की सगळा गुणाकार शून्य.

विदर्भात याची दोन्ही टोकं पाहायला मिळाली आहेत. नागझिऱ्यातून निघालेला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ मध्ये गावं, नद्या आणि महामार्ग ओलांडून शंभरावर किलोमीटर चालला आणि उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला. तिथे वाघिणी होत्या, तो रमला, त्याची पिल्लं वाढली. २०१६ मध्ये तो बेपत्ता झाला, पण त्याआधी त्या प्रवासातून वस्ती उभी राहिली होती. याउलट टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला रेडिओ कॉलर लावलेला नर वाघ तीन हजार किलोमीटरहून जास्त भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, भक्ष्य होतं, पाणी होतं. वाघीण नव्हती. प्रवास थक्क करणारा होता, पण वसाहतीच्या दरात त्याची भर शून्य. वाघीण सहसा नराइतकी लांब जात नाही. त्यामुळे नराच्या कॉलरवरून काढलेलं अंतर वापरून भ्रमणमार्ग आखला तर तो कागदावर जोडलेला आणि जमिनीवर तुटलेला निघतो. अहवालात नराचं आणि मादीचं अंतर वेगळं मागितलं पाहिजे.

लेव्हिन्स यांच्या समीकरणात सगळे तुकडे सारखे आणि सारख्याच अंतरावर धरलेले आहेत, हा त्यातला उघड दोष. तो इल्का हान्स्की यांनी फिनलंडच्या ऑलंड बेटांवर, सुमारे चार हजार कुरणांत राहणाऱ्या एका फुलपाखरावर वर्षानुवर्षं काम करून दूर केला. तुकडा जितका मोठा तितका उजाड होण्याचा दर कमी, आणि तुकडा जितका लांब तितकं तिथे पोचण्याचं प्रमाण झपाट्याने कमी. एवढ्या दोन सुधारणा केल्या की प्रत्येक तुकड्याची किंमत वेगळी काढता येते. सगळ्या तुकड्यांची क्षेत्रफळं आणि एकमेकांतली अंतरं एका तक्त्यात भरायची, त्यावरून पूर्ण पट्ट्याची क्षमता, म्हणजे ती जात टिकवून धरण्याची ताकद, काढायची, मग एकेक तुकडा वगळून पुन्हा काढायची. ज्याला वगळल्यावर क्षमता सर्वांत जास्त पडते तो सर्वांत मोलाचा. हे काम साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं. आणि उत्तर अनेकदा अपेक्षेपेक्षा वेगळं येतं : मोठ्या अभयारण्याच्या कडेची हजार हेक्टर वगळली तर फारसा फरक पडत नाही, आणि दोन मोठ्या जंगलांच्या मधली शंभर हेक्टरची झाडी वगळली तर हिशोब कोसळतो. बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १३८ चौरस किलोमीटरचा, उमरेड-कऱ्हांडला सुमारे १८९ चौरस किलोमीटरचं. एकेकटे पाहिले तर एवढ्या जागेत वाघांची स्वतंत्र संख्या दीर्घकाळ टिकण्याची आशा नाही. ते टिकतात ते ताडोबा, नागझिरा, पेंच यांच्या मधल्या जागी असल्यामुळे, आणि त्यांच्या भोवतीच्या साध्या प्रादेशिक जंगलामुळे.

या मधल्या झाडीचा मोठा भाग विदर्भात ‘झुडपी जंगल’ या नावाने महसूल खात्याच्या कागदांवर आहे. हे नावच जमीन कमी प्रतीची ठरवतं. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच आहे असा निर्णय दिला. कायदेशीर दर्जाचा प्रश्न त्याने बराच सुटला, पण मोलाचा प्रश्न सुटलेला नाही. वनजमीन वळवण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा, झाडोरा विरळ आणि प्राणी कायम राहत नाहीत म्हणून ही जमीन स्वस्त ठरेल. हान्स्कींच्या तक्त्यात झाडांच्या घेराचा रकाना नाही. जागा आणि अंतर आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-ओ (१)(जी) सांगतं की व्याघ्र प्रकल्पांना एकमेकांशी किंवा इतर संरक्षित क्षेत्रांशी जोडणारी जमीन पर्यावरणाला न पेलणाऱ्या वापरासाठी वळवली जाऊ नये. जनहितासाठी वळवायचीच तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला लागतो. तरतूद चांगली आहे. अडचण येते ‘जोडणारी जमीन’ म्हणजे नेमकी कुठली, तिथे. २०१४ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि प्राधिकरणाने देशातले ३२ ठळक भ्रमणमार्ग नकाशावर आणले. ते मोठं काम आहे. पण हे मार्ग, दोन जंगलांमध्ये कमीत कमी अडथळ्याची वाट कुठली, या पद्धतीने काढलेले आहेत. ही पद्धत वाट दाखवते, पण त्या वाटेवरून किती जनावरं पोचली म्हणजे पुरेशी, हे सांगत नाही. नकाशावरचा पट्टा कमीत कमी गरज म्हणून वाचायला हवा. तो कमाल मर्यादा म्हणून वाचला, की पट्ट्याबाहेरची सगळी झाडी मोकळी ठरते.

अडथळा कमी करता येतो, हे पेंचमध्ये दिसलं. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या चौपदरीकरणात पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागात रस्त्याखालून जायला नऊ जागा ठेवल्या गेल्या, त्यातली सर्वांत रुंद ७५० मीटरची. २०१९ मधल्या कॅमेरा नोंदींत १८ जातींचे वन्यप्राणी त्यांखालून गेलेले दिसले. ११ वेगवेगळ्या वाघांच्या ८९ नोंदी झाल्या. इतक्या रुंदीचे मार्ग महाग पडतात, ही तक्रार खरी आहे. पण स्वस्त पर्याय म्हणून पाणी जाण्यासाठीच्या अरुंद मोऱ्यांनाच ‘प्राणीमार्ग’ म्हणून दाखवलं जातं, तेव्हा तिथे साळिंदर आणि उदमांजर जातात, चितळांचा कळप जात नाही. कळप गेला नाही तर भक्ष्य पलीकडे पसरत नाही, आणि वाघ गेला तरी त्याला तिथे राहता येत नाही. सिमेंटच्या उभ्या काठांच्या कालव्याची गोष्ट याहून वाईट, कारण त्यात उतरलेलं जनावर वर चढू शकत नाही. तिथे ठरावीक अंतरावर मातीचा थर आणि झुडपं असलेले रुंद पूल, आणि काठाला खडबडीत उतार, हे मूळ आराखड्यातच हवं. नंतर बसवायला गेलं की पाणी बंद ठेवावं लागतं, आणि सिंचनाच्या हंगामात ते कुणी करत नाही.

भ्रमणमार्गाऐवजी वाघ गाडीतून नेऊन सोडावेत, असाही पर्याय मांडला जातो. मे २०२३ मध्ये चंद्रपूरच्या ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. जिथे माद्याच कमी आहेत तिथे हा उपाय बरोबरच आहे, ज्ञानगंगेचं उदाहरण पाहता तो कधीकधी एकमेव असतो. पण गाडीने वसाहतीचा दर राखायचा तर ती गाडी कायम चालू ठेवावी लागते. ‘पिढीमागे एक स्थलांतरित पुरे’ हा जो नियम या चर्चेत पुढे केला जातो, तो जनुकांच्या विविधतेसाठीचा ढोबळ नियम आहे. उजाड झालेला तुकडा पुन्हा भरण्यासाठी एक जनावर पुरत नाही, जोडी लागते, आणि योग्य वेळी लागते. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं अदलाबदल करून वापरली जात आहेत. शिवाय वाघाला गाडी मिळते. अस्वलाला, रानकुत्र्यांना, चौशिंग्याला कोण नेणार?

आता मुख्य आक्षेप. ही समीकरणं फार ढोबळ आहेत, जंगल असं चालत नाही, आणि आपल्याकडे उजाड होण्याचा किंवा वसाहतीचा दर मोजलेलाच नाही, मग काय आकडे भरायचे? पहिल्या भागावर माझं उत्तर असं की ‘इथे प्राणी राहत नाही म्हणून इथे नुकसान नाही’ हेही एक प्रारूपच (मॉडेलच) आहे. त्यात असं गृहीत धरलेलं आहे की प्रत्येक तुकडा दुसऱ्यापासून पूर्ण अलग आहे आणि एकदा रिकामा झाला की कायमचा रिकामा. हे गृहीत न सांगता वापरलं जातं, म्हणून ते प्रारूप वाटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथले वाघ जंगलाच्या पट्ट्यांमुळे एकमेकांत मिसळत राहिल्याचं दाखवलं. म्हणजे मध्य भारतापुरतं अलगपणाचं गृहीत चुकीचं आहे, हे माहीत आहे. दोन ढोबळ प्रारूपांपैकी जे मोजणीशी विसंगत आहे ते ठेवायचं आणि जे सुसंगत आहे ते ढोबळ म्हणून टाकायचं, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. दुसऱ्या भागावर : आकडा माहीत नसेल तर पल्ला द्यावा. दोन दरांचं गुणोत्तर ०.२ धरलं तर काय होतं, ०.४ धरलं तर काय, ०.६ धरलं तर काय. तिन्ही वेळा जात टिकत असेल तर प्रकल्पाला या कारणाने अडवू नये, असं मी स्पष्ट म्हणतो. एकदा टिकते आणि दोनदा जाते, असं निघालं तर मंजुरीआधी मोजणी करावी.

भ्रमणमार्गाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही या गणिताची एक बाजू ऐकून घ्यावी लागेल. जोडणी वाढवणं नेहमी चांगलंच असतं, असं नाही. सायमन लेव्हिन (लेव्हिन्स वेगळे, हे वेगळे) यांनी १९७४ मध्ये दाखवलं की दोन जागा आणि दोन कट्टर स्पर्धक असतील, तर थोड्या देवाणघेवाणीत दोन्ही जाती टिकू शकतात आणि जास्त देवाणघेवाणीत एक संपते. हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासात करून पाहता येतं. चार रकाने करा : पहिल्या जागेतली अ आणि ब, दुसऱ्या जागेतली अ आणि ब. प्रत्येकीची धारणक्षमता (ती जात एकटी असताना जागेत जास्तीत जास्त किती मावतील तो आकडा) १००, वाढीचा दर १. आपल्या जातीच्या एका जीवापेक्षा स्पर्धक जातीचा एक जीव दुप्पट जाचतो असं धरा. मग प्रत्येक रकान्यातली वाढ म्हणजे : संख्या × (१ − (स्वतःची संख्या + २ × स्पर्धकाची संख्या) ÷ १००) + देवाणघेवाणीचा दर × (त्याच जातीची पलीकडची संख्या − इथली संख्या). ही वाढ ०.१ ने गुणून आधीच्या ओळीत मिळवत जा. गुणक २-३ असा मोठा घेतला तर आकडे उणे होतात आणि सगळं बिघडतं.

सुरुवात पहिल्या जागी अ १००, ब शून्य, दुसऱ्या जागी अ शून्य, ब ९९ अशी ठेवा. दर ०.०५ असेल तर प्रत्येक जागेत मूळची जात ८५ आणि पाहुणी ५ यावर गाडं स्थिरावतं. दोन्ही जाती दोन्हीकडे आहेत, विविधता वाढली. आता दर ०.१२ करा. पहिल्या शंभरेक ओळींत ६१ आणि १५ वर सगळं शांत वाटेल. आणखी खाली जा. ती शांतता हळूहळू सुटते, आणि हजार ओळींच्या आत ९९ वर सुरू झालेली ब दोन्ही जागांतून संपते. या उदाहरणात सीमा बरोबर ०.१० वर आहे. एक सावधगिरी : सुरुवातीला दोन्हीकडे हुबेहूब १०० ठेवलेत तर आकडे ६१ आणि १५ वरच अडकून राहतील आणि दोन्ही टिकतात असा चुकीचा निष्कर्ष निघेल. निसर्गात हुबेहूब समान काही नसतं, म्हणून तो एकाचा फरक मुद्दाम ठेवायचा.

हा हिशोब महाराष्ट्राला लागू पडतो तो नदीजोडमध्ये. वैनगंगा-नळगंगा प्रकल्पात सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने गोदावरी खोऱ्यातलं पाणी तापी खोऱ्यापर्यंत नेण्याची योजना आहे. पाण्यासोबत मासे, त्यांची अंडी, शिंपले, शेवाळ, परजीवी सगळं जातं. दोन खोऱ्यांमधली देवाणघेवाण आजवर जवळजवळ शून्य होती, ती एकदम वाढते. शिवाय ती एकतर्फी आहे. वरच्याच उदाहरणात फक्त एकीकडून ओघ येतो असं धरलं, तर घेणाऱ्या जागेतली मूळ जात प्रत्येक कालखंडात तिच्या धारणक्षमतेच्या ८.३ टक्क्यांइतकी आवक होईपर्यंत तग धरते, त्यापुढे संपते. दुतर्फी देवाणघेवाणीपेक्षा ही सीमा खाली आहे. तिलापियासारखा भराभर वाढणारा परका मासा किंवा बंदी असूनही पाळला जाणारा आफ्रिकन मागूर उगमाकडच्या जलाशयात असेल, तर हा धोका सगळ्यांत मोठा. कालव्याच्या तोंडाला जाळी बसवून तो थांबत नाही, कारण अंडी आणि पोना (माशांची इवली पिल्लं) बारीक जाळीतूनही निघून जातात, आणि त्याहून बारीक जाळी गाळाने तुंबते. नियंत्रण करायचं तर उगमाच्या जलाशयात, मत्स्यबीज सोडतानाच करावं लागतं. विदर्भातल्या दुष्काळी भागाला पाणी मिळू नये असं मी म्हणत नाही. दोन्ही खोऱ्यांतल्या माशांची जातवार यादी, परक्या जातींची नोंद आणि मत्स्यबीजाचे नियम हे कालव्याचं पहिलं पाणी सोडण्याआधी पक्कं व्हायला हवं, एवढंच म्हणतो. नंतर मूळ स्थिती परत आणण्याचा मार्ग नाही.

जंगलात देवाणघेवाणीचा दर वाढवायचा आहे आणि नदीत तो रोखायचा आहे. दोन्हीकडे मोजायचं एकच आहे आणि दोन्हीकडे ते मोजलं जात नाही. मोजणीसाठी काय लागेल ते सांगतो. प्रकल्पाच्या हद्दीपुरता नकाशा चालणार नाही, त्या जातीची मादी जितकी लांब जाते तेवढ्या परिघातले सगळे तुकडे, भरलेले आणि रिकामे, नकाशावर हवेत. प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ आणि शेजाऱ्यांपासूनचं अंतर हवं. प्रकल्प झाल्यावरची आणि न झाल्यावरची, अशा दोन्ही स्थितींची किमान ५० वर्षांची घसरण किंवा वाढ वर्षवार हवी. हा तक्ता जनसुनावणीच्या आधी, मराठीत, ग्रामपंचायतीत लावलेला हवा, म्हणजे त्या जंगलात रोज जाणारी माणसं त्यातला एखादा ‘रिकामा’ तुकडा चुकीचा असल्याचं सांगू शकतील. हे त्यांना बाहेरच्या सल्लागारापेक्षा चांगलं माहीत असतं.

आणि ‘रिकामा’ हा शब्द लिहिण्याआधी किती शोधलं, हे लिहायला हवं. एखाद्या तुकड्यात जनावर असताना १५ दिवसांच्या एका फेरीत ते सापडण्याची शक्यता २० टक्के असेल, तर न सापडण्याची ८०. तीन फेऱ्या करूनही ते न सापडण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के. नाणं उडवून ठरवल्यासारखं झालं. ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायला १४ फेऱ्या लागतात, म्हणजे सात महिने, आणि त्यात एक पावसाळा तरी असायलाच हवा. उन्हाळ्यात जनावरं उरलेल्या पाणवठ्यांभोवती गोळा होतात आणि मधली झाडी खरंच ओस पडलेली दिसते. त्याच झाडीत नाले वाहू लागले की ऑगस्टमध्ये चितळं परततात. ज्या अहवालातली सगळी पाहणी एप्रिल-मेमध्ये उरकलेली आहे, त्यातल्या ‘वावर नाही’ या शेऱ्यावर एक हेक्टरही वळवू नये.